घेतलेला प्राण आणि दिलेला प्राण

लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा, काळ सुरू झाला की या सदराच्या टपालात ख्रिस्ताच्या मरणाविषयीची पत्रे वाढतात. यंदा तर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी जणू ठरवूनच प्रश्न पाठवल्यासारखे वाटले. काही पत्रे ख्रिस्ती घरांतून आली आहेत, तर काही शेजारच्या घरांतून, जिथे नाताळची करंजी आणि दिवाळीची करंजी अनेक वर्षे एकमेकींच्या ताटात जात आहेत. सर्व पत्रे छापणे शक्य नाही. ज्यांचे उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःला थांबून विचार करावा लागला, तीच येथे घेतली आहेत. नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पंचवटीत राहतो. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला गेलो होतो. येशूला आपले मरण आधीपासून ठाऊक होते आणि ते टाळणे त्याच्या हातात होते, असे तेथे सांगण्यात आले. ठाऊक असून आणि टाळता येत असूनही जो मरणाकडे चालत जातो, त्याच्या मरणाला आत्महत्या का म्हणू नये? आणि तो रोमी शिपायांनी केलेला वधच असेल, तर ‘स्वेच्छेने’ हा शब्द कशासाठी?

उत्तर : गुरुजी, पेच आपण बरोबर पकडला आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या भाषेनेच निर्माण केला आहे. मराठीत माणूस परिस्थितीचा बळी ‘जातो’, अपघात तिघांचा बळी ‘घेतो’, आणि नवस फेडणारा बोकडाचा बळी ‘देतो’. पहिल्या दोन प्रयोगांत मरणाऱ्याच्या इच्छेला जागाच नाही; तिसऱ्यात देणारा एक आणि मरणारा दुसरा. ख्रिस्ती शिकवणीला जे म्हणायचे आहे ते या तिन्हींत मावत नाही, कारण तेथे देणारा आणि दिला जाणारा एकच आहे.

बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक असलेल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊनच तो देतो, आणि तो परत घेण्याचाही मला अधिकार आहे. येथे ‘देतो’ असे भाषांतर झालेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा साधा, घरगुती अर्थ ‘खाली ठेवणे’ असा आहे. पुढे तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पंगतीतून उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. धुऊन झाल्यावर वस्त्रे पुन्हा घेतो आणि जागेवर बसतो. वस्त्रे ‘ठेवणे’ आणि ‘घेणे’ यांसाठी योहानाने तेथे तीच दोन क्रियापदे वापरली आहेत, जी प्राणासाठी वापरली होती. हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. पाय धुवायला वाकणारा माणूस उपरणे काढून ठेवतो, ते उपरणे नकोसे झाले म्हणून नव्हे, तर हातातल्या कामात ते अंगावर ठेवता येत नाही म्हणून. आत्महत्येत, ती करणाऱ्या दुःखी जिवाविषयी पूर्ण करुणा बाळगून म्हणतो, जगणेच असह्य झालेले असते आणि मरण हाच शेवट हवा असतो. येशूच्या बाबतीत मरण हे साध्य नव्हते. साध्य वेगळे होते, आणि त्याच्या वाटेवर मरण उभे होते.

तो मरणाच्या शोधात नव्हता याचे पुरावे शुभवर्तमानांत जागोजागी आहेत. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हा तो दृष्टीआड झाला. मेलेल्या लाजराला उठवल्यानंतर ठार मारण्याचा बेत शिजू लागला तेव्हा त्याने उघडपणे फिरणे सोडले आणि रानाजवळच्या एफ्राईम नावाच्या गावी जाऊन राहिला. ज्याला मरायचेच आहे तो इतक्यांदा निसटत नाही.

मग शेवटची रात्र. वल्हांडणाचा यहुदी सण पौर्णिमेचा, म्हणजे चांदणे होते. गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा; ही जैतुनांची बाग किद्रोन ओढ्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी होती, आणि शहराकडून मशाली घेऊन उतरणारी टोळी तेथून बरीच आधी दिसली असणार. पाठीमागचा डोंगर ओलांडला की तीनेक किलोमीटरवर बेथानी, जिथे त्याच्या माणसांचे घर होते, आणि त्याच्याही पलीकडे यहूदियाचे ओसाड रान, जिथे माणूस सहज नाहीसा होऊ शकतो. निसटण्याची वाट मोकळी होती आणि वेळही होता. तो तेथेच थांबला. मात्र थांबण्यापूर्वी जमिनीवर पालथा पडून ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असे त्याने मागितले, आणि एकदा नव्हे, तीनदा. मला नेहमी वाटते की येशूच्या स्वेच्छेची सर्वांत भक्कम साक्ष ही प्रार्थना आहे. ज्याला भीतीच वाटली नाही त्याच्या होकाराला किंमत काय? ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य घाम गाळून आलेले आहे. वधस्तंभावर चढवण्यापूर्वी देऊ केलेला, गुंगी आणणारा बोळ मिसळलेला द्राक्षारसही त्याने घेतला नाही. तो अखेरपर्यंत शुद्धीवर राहिला.

राहिला आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. एकच मरण एकाच वेळी वध आणि अर्पण कसे असू शकते? यासाठी अलीकडचे उदाहरण देतो. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला, आणि त्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतील एक जण बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे नावाचे पोलिश धर्मगुरू रांगेबाहेर आले आणि त्याच्या जागी मला न्या असे म्हणाले. दोन आठवड्यांनंतर, १४ ऑगस्टला, तोवर जिवंत राहिलेल्या कोल्बे यांना विषारी इंजेक्शन देऊन मारले गेले. ज्याच्या जागी ते गेले तो गृहस्थ १९९५ पर्यंत जगला. १९८२ साली कोल्बे यांना संत घोषित करण्यात आले त्या सोहळ्यालाही तो हजर होता. गुरुजी, या मरणाला आपण काय म्हणाल? मारेकऱ्यांचा गुन्हा त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि कोल्बे यांनी आत्महत्या केली असे कोणी म्हणत नाही. मारणाऱ्याच्या बाजूने तो खून आहे, आणि मरणाऱ्याच्या बाजूने ते दान आहे.

प्रश्न : मी शरणपूर रोड परिसरात राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव ‘खंडणी म्हणून’ द्यायला आला असे लिहिले आहे. आमच्या युवक संघात हे वचन वाचले की मुले हसतात, कारण खंडणी म्हटले की गुंडच डोळ्यांसमोर येतात. हा शब्द बदलायला नको का? आणि ही खंडणी नेमकी कोणाला दिली गेली?

उत्तर : मित्रा, मुलांच्या हसण्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी हा शब्द योजला त्यांच्या कानांत मराठेशाहीच्या बखरींमधली खंडणी होती, जी भरली म्हणजे वेढा उठे आणि गाव वाचे. आज तो शब्द पोलिसांच्या फिर्यादींत जाऊन बसला आहे. मी स्वतः शिकवताना ‘मुक्तिमूल्य’ असे म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत असा होता, आणि येशूचे ऐकणाऱ्यांच्या काळात गुलाम बाजारात विकत मिळत होते.

तू जेथे राहतोस त्या जागेचाही या शब्दाशी संबंध आहे. शरणपूर ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, आणि हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणून ठेवली जात, शिकवली जात, त्यांना हातचे हुन्नर दिले जात. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत शेकडो मैल वाहून आणणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. त्या काळच्या इंग्रजी लेखनात या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. शरणपूरच्या त्या मुलांना मुक्तीचा अर्थ विचारला असता तर त्यांनी व्याख्या सांगितली नसती. गलबताच्या तळघरात आपण कोठे होतो आणि आता कोठे आहोत, एवढेच सांगितले असते. येशूच्या वाक्याचा रोख असाच सुटलेल्याच्या बाजूने आहे.

आता, किंमत कोणाला दिली? हा प्रश्न तुझ्याआधी फार मोठ्या लोकांना पडला होता. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील काही आचार्यांनी सैतानाला दिली असे उत्तर दिले. माणूस त्याच्या ताब्यात होता म्हणून. नाझियान्झसचा ग्रेगरी या चौथ्या शतकातील बिशपाने त्यावर खडसावून विचारले की लुटारूला देवाकडून मोबदला, आणि मोबदला म्हणून खुद्द देवच, ही कल्पनाच लाजिरवाणी नाही का? आणि पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कोठे डांबून ठेवले होते? मला त्याचे म्हणणे पटते. उपमा जेवढे ओझे उचलण्यासाठी आणली आहे तेवढेच तिच्यावर ठेवावे. ‘आईने मुलांसाठी रक्ताचे पाणी केले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते पाणी कोणत्या भांड्यात भरले असे कोणी विचारत नाही.

प्रश्न : आमचे शेत दिंडोरी तालुक्यात आहे. माझ्या सासरी पूर्वी नवसाला बोकड कापत. मी लग्नानंतर हट्टाने ते बंद करवले, कारण देवाला रक्त लागते हे मला पटत नाही. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते की येशूच्या रक्ताने पापे धुतली गेली. मग तुमच्या देवालाही रक्तच लागले ना, तेही स्वतःच्या मुलाचे?

उत्तर : ताई, आपण बोकड बंद करवलात, त्या बाजूने पवित्र शास्त्रातले संदेष्टे उभे आहेत. स्तोत्र ५० मध्ये देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुम्हांला सांगणार नाही, मी काय बैलांचे मांस खातो? ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेयाचे वचन येशूने स्वतः उच्चारले आहे. तेव्हा देव रक्ताचा तहानलेला आहे, हे उत्तर आमच्याच ग्रंथाने आधीच खोडून टाकले आहे.

तरीही त्याच ग्रंथात बलिदानाचे सविस्तर विधी आहेत, हे नाकारून चालणार नाही. त्यांतला सर्वांत मोठा विधी वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, लेवीय १६ मधला. दोन बकरे आणले जात. एक मारला जाई, आणि मुख्य याजक त्याचे रक्त पडद्याआड नेऊन कोशाच्या, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीच्या, झाकणावर, म्हणजे ‘दयासना’वर, शिंपडे. दुसऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात सोडून दिले जाई. हा तपशील पुष्कळांच्या नजरेतून सुटतो : ज्याच्यावर पापे ठेवली तो बकरा मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्यावर पापे ठेवलेली नसतात. म्हणजे ते रक्त सूड उगवून निघालेले रक्त नव्हे. ‘प्राण्याचे जीवन रक्तात असते’ असे पुढच्याच अध्यायात सांगितले आहे. मरणाने विटाळलेल्या जागी जीवन आणून शिंपडायचे, असा त्या विधीचा भाव आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येशूसाठी जो शब्द वापरला तो नेमका या झाकणाचा, दयासनाचा आहे.

यात दिशा कशी बदलली आहे ते पाहा. नवसात माणूस देवाला देतो आणि देव प्रसन्न होण्याची वाट बघतो. ख्रिस्ती शिकवणीत देणारा देव आहे. पौल दुसरीकडे लिहितो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. रागावलेला बाप निरपराध मुलाला मारून शांत होतो, असे चित्र काही प्रवचनांत रंगवले जाते, आणि ते ऐकून आपल्यासारख्या विचारी स्त्रीला शिसारी आली तर मी तिला दोष देणार नाही. ते चित्र चूक आहे, कारण त्यात पिता आणि पुत्र यांची इच्छा दोन ठिकाणी तोडली आहे. मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाच्या गोष्टीत बापाचा हात थांबवला गेला होता. आमचा विश्वास असा की येथे देवाने दुसऱ्या कोणाला वेदीवर ठेवलेच नाही, तो स्वतः आला.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की हे मरण तारण कसे घडवते याविषयी ख्रिस्ती मंडळी एकमुखी नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने ते देवाच्या मानाचे न फिटलेले ऋण म्हणून मांडले. त्यानंतर काही दशकांनी फ्रान्समध्ये आबेलारने भर दिला तो प्रेमावर, जे पाहून कठीण हृदय पाझरते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतरच्या (प्रोटेस्टंट) मंडळ्यांत ‘आपली शिक्षा त्याने भोगली’ ही मांडणी रूढ झाली, आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा तिला आधार आहे. पण सर्वांनी मिळून म्हणायच्या निकीयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या प्राचीन घोषणेत, एवढेच आहे की तो ‘आमच्यासाठी’ वधस्तंभावर खिळला गेला. त्या ‘साठी’चा उलगडा चर्चने कायद्यासारखा ठरवून टाकलेला नाही, आणि ते शहाणपणाचे झाले असे माझे मत आहे.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, कीर्तनाची आवड आहे. दधीची ऋषींनी देवांसाठी आपल्या अस्थी दिल्या. त्यात आणि येशूच्या बलिदानात फरक तो काय?

उत्तर : आमचे बरेच प्रवचनकार याचे उत्तर चटकन देतात की दधीचींनी मित्रांसाठी प्राण दिला, येशूने शत्रूंसाठी. पण पुराणकथा नीट वाचणाऱ्याला ठाऊक असते की ज्या इंद्राने अस्थी मागितल्या, त्यानेच पूर्वी मधुविद्येच्या प्रसंगी दधीचींचे मस्तक उडवले होते. अपकार करणाऱ्यालाच त्यांनी देह दिला. तेव्हा तो फरक आपल्या बाजूने फार ताणू नये. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचे शिक्षण याच नाशकात झाले आणि ज्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ते तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. पुलावरून आलेल्याने पूल पाडायचा नसतो.

मला फरक दिसतो तो शेवटी. दधीचींच्या अस्थींचे वज्र झाले आणि वृत्र मारला गेला. येशूच्या मरणातून कोणतेही शस्त्र निघाले नाही; शिष्य पेत्राने तलवार उपसून मल्ख नावाच्या सेवकाचा कान कापला, तर ती तलवार म्यानात घालायला लावली आणि लूक सांगतो त्याप्रमाणे तो कान बरा केला. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी क्षमा मागितली गेली. पुढे धर्मयुद्धांच्या काळात ख्रिस्ती राजांनी त्याच क्रुसाचे शस्त्र केले, ती आमच्या इतिहासातली लाज आहे. दुसरा फरक श्रद्धेचा आहे आणि तो मी वादाने सिद्ध करणार नाही : दधीचींनी देवांसाठी देह ठेवला, आणि येथे देवच माणसांसाठी देह ठेवतो असे आम्ही मानतो.

प्रश्न : हे सारे देवाच्या योजनेत होते, तर येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्याचा दोष काय?

उत्तर : शुभवर्तमानांत ‘स्वाधीन करणे’ या अर्थाचे एकच ग्रीक क्रियापद सगळीकडे फिरते. यहूदा येशूला याजकांच्या स्वाधीन करतो, याजक रोमी सुभेदार पिलाताच्या, पिलात शिपायांच्या. मग पौल तेच क्रियापद देवाविषयी वापरतो, की त्याने आपल्या पुत्राला आपल्या सर्वांसाठी दिले. आणि गलतीकरांस लिहिताना खुद्द येशूविषयी, की त्याने माझ्यासाठी स्वतःला दिले. कृती एक, कर्ते अनेक, आणि प्रत्येकाचा हेतू निराळा. यहूदाने तीस नाणी मोजून घेतली, पिलाताने आपली जागा सांभाळली, याजकांनी गडबड टाळली. देवाने त्यांच्या कुटिलपणातूनही आपले काम साधले, एवढ्याने तो कुटिलपणा पुण्य ठरत नाही. मार्क १४:२१ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच श्वासात आहेत : लिहिल्याप्रमाणे मनुष्याचा पुत्र जातो खरा, पण ज्याच्याकडून तो धरून दिला जातो त्या माणसाची केवढी दुर्दशा! मात्र यहूदाचे निमित्त करून शतकानुशतके यहुदी लोकांना ‘देवाचे मारेकरी’ म्हणून छळले गेले, त्याला या वचनांत कोठेही आधार नाही. येशू, त्याची आई आणि त्याचे सारे प्रेषित यहुदीच होते.

प्रश्न : मी सातपूरला राहते. नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘प्रभूनेही मुकाट्याने सोसले, तूही आपला क्रूस वाहा.’ मी किती दिवस वाहू?

उत्तर : ताई, एक दिवसही नाही. वर गुरुजींना जे लिहिले ते आपल्यासाठी पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहितो. येशूचे मरण अर्पण ठरते, कारण ते त्याने स्वतः, मोकळेपणी, दुसऱ्यांच्या जीवनासाठी दिले. आपल्याला पडणारा मार आपण दिलेला नाही. तो आपल्यावर लादला जात आहे, आणि त्यातून कोणालाही जीवन मिळत नाही, आपल्याला नाही, मुलांना नाही आणि नवऱ्यालाही नाही. दुसऱ्याने बळजबरीने खांद्यावर ठेवलेल्या ओझ्याला क्रूस हे नाव देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणि येशूने मुकाट्याने सोसले हेही अर्धेच खरे आहे. मुख्य याजकाच्या घरी एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने तोंडावर विचारले. योहानाच्या अठराव्या अध्यायात ते आहे. शिष्यांनाही त्याने सांगून ठेवले होते की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा.

एक कबुली देतो. पाळक म्हणून नवा असताना मीही एका बहिणीला ‘सहन करा, प्रार्थना करा’ असेच सांगून परत पाठवले होते. ती काही बोलली नाही. पदर नीट केला, चपला घातल्या आणि गेली. पुढच्या वेळी ती मला भेटली ती रुग्णालयात. त्यानंतर तो सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

आपण आज करायचे ते एवढे : १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि जीवाला धोका वाटत असेल तर ११२ लावावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी किंवा थेट दंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करून संरक्षणाचा, राहत्या घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मागता येतो; त्यासाठी आधी घटस्फोट मागावा लागत नाही. माहेरी किंवा विश्वासाच्या घरी काही दिवस जाऊन राहा. क्षमेचा विचार नंतर, सुरक्षित जागी बसून, आपल्या मनाने करता येईल. आपल्या पाळकांना हे उत्तर वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, घर काळाराम मंदिराजवळ आहे. उत्तम शुक्रवारच्या उपासनेला आलो तर चालेल का? आणि ही तारीख दरवर्षी का बदलते?

उत्तर : तारीख चंद्रामुळे बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा, आणि त्याआधीचा शुक्रवार हा उत्तम शुक्रवार; त्यामुळे एखाद्या वर्षी तो आपल्या रामरथाच्या मिरवणुकीच्या आठवड्यातच येतो आणि आमच्या पंचवटीतल्या सभासदांना वाहतुकीचा अंदाज घेऊन निघावे लागते. अवश्य या. बहुतेक मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना असते, कारण शुभवर्तमानांप्रमाणे त्याच तीन तासांत अंधार पडला होता, आणि वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक मनन होते. वेदीवर फुले नसतात, अनेक ठिकाणी क्रूस काळ्या कापडाने झाकलेला असतो आणि घंटा वाजत नाही. मधल्या एखाद्या गीताच्या वेळी आले किंवा उठून गेले तरी कोणी वाईट मानत नाही. एप्रिलच्या उन्हात येत असाल तर पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि पंख्याखालची जागा हवी असेल तर साडेअकराला पोहोचा.